चालू आहे, फक्त सिग्नल नाही

माझ्याकडचे टीव्ही पकडू शकतील असं एकही स्टेशन आज पनवेलजवळच्या आमच्या पळस्प्याच्या हवेत नाही. दूरदर्शनने आपली जुनी ॲनालॉग प्रक्षेपणं टप्प्याटप्प्याने आवरत आणली आणि २०२२ पर्यंत मोजकी केंद्रं सोडून सगळीकडचे ट्रान्समीटर बंद केले. लोकांना पत्ताही लागला नाही, कारण बघणारं कुणी उरलंच नव्हतं. मला मात्र त्याने मोठा दिलासा मिळाला. खिशात मावणारे जुने टीव्ही गोळा करायचे आणि दुरुस्त करायचे, हा माझा छंद. आणि दुरुस्ती जमली की नाही हे ठरवणं आता फारच सोपं झालं आहे. पडद्यावर मुंग्या आल्या की टीव्ही झाला. पूर्वी मुंग्या आल्या की घरातला एकजण गच्चीवर पळायचा. हल्ली मुंग्या आल्या की मी बायकोला हाक मारतो. ती येते, बघते, "छान आहेत" म्हणते आणि जाते.

खरा फायदा झाला तो विकणाऱ्यांचा. मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात बंद टीव्ही खपवायचा तर पूर्वी नाना सबबी सांगाव्या लागत. सेल नाहीत, अडॅप्टर घरी राहिला, काल रात्रीपर्यंत चालत होता. आता एक वाक्य पुरतं. "चालू आहे साहेब, फक्त सिग्नल नाही." यावर काय बोलणार? ज्याच्या पोटात पावसाळे जिरलेत, ज्याची काच तडकली आहे, ज्याच्या मागच्या झाकणातून झुरळ बाहेर येऊन आपल्याकडे एक नजर टाकून पुन्हा आत गेलं आहे, तोही टीव्ही केवळ सिग्नलअभावी गप्प असतो.

म्हणून मी बाजारात जाताना पिशवीत एक जुना व्हिडिओ गेम नेतो. नव्वदच्या दशकात घरोघरी होता तो, पिवळ्या कॅसेटवाला. त्याच्या पाठीतून अँटेनाची वायर निघते आणि त्या वायरीपुरतं तो स्वतःचं एक स्टेशन चालवतो. चहावाल्याकडून प्लग मागून घ्यायचा, वायर टीव्हीला लावायची, ट्यूनर हळूहळू फिरवायचा. मिशीवाला मारिओ उड्या मारताना दिसला की माल खरा. अडचण अशी की मारिओ दिसला की आजूबाजूची पोरं जमतात, विकणाऱ्यालाही पहिल्यांदाच कळतं की वस्तू खरोखर चालू आहे, आणि किंमत तिथल्या तिथे तिप्पट होते. तेव्हा आता मारिओ दिसला तरी चेहरा पाडून "छे, गेलेला आहे" म्हणायचा सराव केला आहे.

तसं 'खिशातला टीव्ही' हे प्रकरण मुळातच अतिशयोक्तीचं. खिसा नक्की कुणाचा, हे कारखानदारांनी कधी उघड केलं नाही. सोनीने पहिला 'वॉचमन' काढला १९८२ साली, मॉडेल एफडी-२१०. वजन साडेसहाशे ग्रॅमच्या घरात. सदऱ्याच्या खिशात ठेवला तर माणूस डावीकडे कलतो, लेंग्याच्या खिशात ठेवला तर एक हात कायमचा नाडीवर ठेवावा लागतो. पण आतली करामत बघितली की हे सगळे गुन्हे माफ. पिक्चर ट्यूब म्हटली की तिला मागे लांब मान आली. त्यामुळेच जुन्या टीव्हीचं तोंड भिंतीपासून हातभर पुढे असायचं. सोनीवाल्यांनी ती मान सरळ पडद्याच्या खाली दडवली. इलेक्ट्रॉनचा झोत खालून वर निघतो, वाटेत वळतो आणि पडद्यावर ज्या बाजूने आदळतो त्याच बाजूने आपण चित्र बघतो. एवढा सगळा खटाटोप करून मिळतं काय, तर दोन इंचांचं काळंपांढरं चित्र. प्रयत्न आणि फळ यांचं इतकं व्यस्त प्रमाण मी फक्त आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत पाहिलं आहे. त्या सभेत एकदा सेक्रेटरींनी "यांच्या घरात वॉचमनच वॉचमन आणि गेटवर एकही नाही" असा टोमणा मारून घेतला होता.

सोनीच्या आधीही एक वेडा होऊन गेला. इंग्लंडचे क्लाइव्ह सिंक्लेअर. त्यांनी १९७७ मध्ये 'मायक्रोव्हिजन' आणला आणि १९८३ मध्ये टीव्ही-८०. या दुसऱ्यात झोत बाजूने यायचा, त्यामुळे चित्र आतमध्ये चेपटंच उमटायचं आणि पुढे लावलेल्या भिंगातून ते ओढून ताणून सरळ दिसायचं. किंमत ७९.९५ पौंड. सेल मात्र तुमचा-आमचा चालायचा नाही, पोलरॉइडची खास चपटी बॅटरीच लागायची. विकले गेले सगळे मिळून १५,००० च्या आसपास. त्यातला एखादा मिळावा ही माझी फार दिवसांची इच्छा; बॅटरी आता मिळत नाही, हे मी त्याच्या गुणांत धरतो.

सेको कंपनीने तर १९८२ मध्ये टीव्ही मनगटावर बांधला. म्हणजे मनगटावर सव्वा इंचाचा पडदा, त्यातून निघालेली वायर बाहीतून खिशात, खिशात रिसीव्हर, रिसीव्हरमधून निघालेली वायर कानात. एवढ्या वायरी गुंडाळलेला माणूस आमच्याकडे फक्त अतिदक्षता विभागात दिसतो. 'ऑक्टोपसी' सिनेमात जेम्स बाँडच्या हातात टीव्हीचं घड्याळ दिसतं आणि त्या सिनेमाचं बरंचसं चित्रीकरण आपल्या उदयपूरचं. पण बाँडने ते हेरगिरीला आणि चावटपणाला वापरलं. 'आमची माती, आमची माणसं' बघायला नाही.

एलसीडी आल्यावर वजन उतरलं, तसं दिसणंही उतरलं. कॅसिओने १९८३ मध्ये टीव्ही-१० आणला. त्यानंतर कॅसिओच्या आणि सिटिझनच्या काही मॉडेलांत आत दिवाच नसायचा. झाकण उघडून उभं करायचं, बाहेरचा उजेड मागून पडद्यातून आरपार येऊ द्यायचा आणि चित्र खालच्या आरशात बघायचं. अंधारात हा टीव्ही दिसत नाही. उन्हात दिसतो, पण सूर्याकडे तोंड करून, मान एका ठरावीक कोनात वाकवून. सकाळी अर्घ्य देणाऱ्यांना तो सोयीचा पडला असता; पण त्या वेळी कार्यक्रम नसायचे.

आता हे टीव्ही आपल्याकडे आले कसे? मुंबई केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, आणि साध्या लाकडी खोक्यातला टीव्ही घ्यायचा तरी तेव्हा पोस्टात जाऊन लायसन्स काढावं लागे. खिशातले टीव्ही दुकानांत नव्हतेच. ते आले दुबई-कुवेतला गेलेल्यांच्या बॅगांतून, बोटीवर नोकरी करणाऱ्यांच्या ट्रंकांतून, नाहीतर हाजी अलीच्या हिरापन्ना बाजारातल्या काचेच्या कपाटातून. इथे एक तांत्रिक न्याय झाला, तो मला फार आवडतो. आखातातली बरीच स्टेशनं आणि आपलं दूरदर्शन एकाच पद्धतीचं, त्यामुळे दुबईचा टीव्ही इथे आल्या आल्या बोलू लागे. अमेरिकेचा टीव्ही आणला तर चित्र बराच वेळ वर-खाली पळून कसंबसं उभं राही, पण आवाज निघत नसे, कारण त्यांचा आवाज चित्रापासून साडेचार मेगाहर्ट्झवर आणि आपला साडेपाचवर. इंग्लंडचे संच पुढे फक्त यूएचएफ पकडणारे, आणि मुंबई केंद्र व्हीएचएफवर. तिथला टीव्ही इथे आंधळाही आणि मुकाही. म्हणजे बोस्टनहून आलेला डॉक्टर पुतण्या पडद्यावर थापा मारत बसे आणि दुबईत फिटर असलेले मामा खाटेवर पाय सोडून बातम्या ऐकत. समाजव्यवस्थेत असे क्षण क्वचित येतात.

असे एक मामा आणि असा एक वॉचमन मी प्रत्यक्ष पाहिला ९ मार्च १९९६ च्या रात्री. विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी, भारत-पाकिस्तान, बंगळूर. आणि इकडे पळस्प्याजवळ एका घरी हळद. आमच्या पनवेल-उरण पट्ट्यात लग्न एकवेळ चुकवलेलं चालतं, हळद नाही. मांडवात बेंजोपार्टी, मागे चुलीवर मोठी टोपं आणि सगळ्या पुरुषमंडळींची तोंडं सुतकी. नवरदेवाच्या मामांनी सफारीच्या खिशातून वॉचमन काढला, अँटेना हातभर ओढली आणि मांडवाचं केंद्रच बदललं. नवरदेव हळद लावलेला तसाच पाटावर एकटा.

दोन इंची पडद्यासमोर मांडवभर माणसं उभी राहिली की टीव्हीचा रेडिओ होतो. दिसायचं फक्त मामांना आणि त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकवलेल्या दोघांना. चेंडू तर त्यांनाही दिसत नव्हता. फलंदाजाने बॅट फिरवली की लोक कुठे बघतात, त्यावरून चौकार ओळखायचा. बाकीच्यांना रांगेतून बातम्या मिळत. त्यात दूरदर्शनचा वरळीचा मनोरा इथून सरळ रेषेत पस्तीसेक किलोमीटर, मागे माथेरान-प्रबळगडाचे डोंगर. लाटा तिकडे आपटून परत आल्या की चित्राची सावली पडे आणि मैदानात बावीस क्षेत्ररक्षक दिसत. "आलं, आलं... गेलं!" हा घोष चालूच होता. मामा अँटेना हातात धरून आधी उभे राहिले, मग मांडवाच्या खांबाला टेकले, शेवटी खुर्चीवर चढले. चित्र सर्वांत स्वच्छ यायचं ते त्यांनी डावा पाय उचलल्यावर. बराच वेळ त्यांनी तो उचलून धरला.

तिकडे आमिर सोहेलने व्यंकटेश प्रसादला चौकार मारून बॅटने सीमारेषा दाखवली आणि पुढच्याच चेंडूवर त्रिफळा उडाला. पुढचा ओरडला, "प्रसादने काढला!" ही बातमी रांगेतून मागे सरकत शेवटच्या टोकाला बसलेल्या आजीपर्यंत "प्रसाद काढला" एवढीच पोहोचली. आजी पदर सावरून उठली, तिच्या मागे चार बायका उठल्या, आणि बेंजोच्या तालावर टोपांकडे रीतसर रांग लागली. त्या रात्री भारत जिंकला, हे बऱ्याच जणांना ताट हातात आल्यावर कळलं. विकेट डोळ्यांनी पाहिली असं आज आमच्याकडचा निम्मा गाव सांगतो. त्या पडद्याचं माप मला माहीत असल्यामुळे मी गप्प बसतो.

पळस्प्याची एकूण तऱ्हाच अशी, अर्धवट दिसण्याची. मुंबईहून निघालेला रस्ता इथे पुण्याकडे आणि गोव्याकडे फुटतो. फाट्यावर गाडी थांबवून वडा खाल्लेली, कोकम सरबत प्यायलेली माणसं उभ्या महाराष्ट्रात सापडतील. मागे एक गाव आहे हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक. मी पळस्प्याला राहतो म्हटलं की लोक विचारतात, "फाट्यावर?" जणू मी ट्रॅफिक हवालदार आहे. पण संग्राहकाला जागा झकास. न्हावाशेव्याचे कंटेनर ओढणारे ट्रेलर इथून रांगा लावून जातात, आणि एके काळी त्यांच्या केबिनमध्ये साडेपाच इंची काळापांढरा टीव्ही असायचा, बारा व्होल्टवर चालणारा, वर रेडिओही असलेला. गावात वीज गेली की रामायणाला आणि मॅचला हेच टीव्ही ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालत. ड्रायव्हर लोकांकडून ते मला स्वस्तात मिळतात. कर्मठ संग्राहक त्यांना खिशातले मानत नाहीत आणि ते बरोबरच आहे. माझ्या कपाटात त्यांना प्रवेश आहे, मताचा अधिकार नाही.

आता दुरुस्तीकडे. एलसीडीवाले टीव्ही बहुतेक एकाच रोगाने जातात. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बोर्डाच्या पृष्ठभागावरच चिकटवायचे इवलेसे इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर आले. त्यांच्या बुडाचं रबर कालांतराने दम सोडतं, आतला द्राव पाझरतो आणि बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा खात सुटतो. बाहेरून टीव्ही अगदी नवा. लावला की आवाज बसलेला, चित्र पांढरंफटक. उघडायचा, भिंग डोळ्याला लावायचं, चिमट्याने कंडेन्सर धरायचा आणि पायाला सोल्डरिंग आयर्नचं टोक टेकवायचं. आधी बारीक चर्र आवाज येतो. मग राखाडी धुराची रेघ उठते आणि त्या धुराला घमघमीत सुकटीचा वास येतो. ही थट्टा नाही. तापल्यावर त्या द्रावातून अमाइन जातीची रसायनं निघतात आणि माशाच्या वासामागेही तीच मंडळी असतात. शहरात अशा वासावरून सोसायटीची नोटीस आली असती. आमच्याकडे हा वास म्हणजे आमंत्रण. शेजारच्या काकूंनी आधी खिडकीतून "जवळा भाजताय का?" विचारलं आणि उत्तराची वाट न बघता तांदळाच्या गरम भाकऱ्या घेऊनच आल्या. मी त्यांना कॅसिओचा बोर्ड दाखवला. त्यांनी तो हुंगला, माझ्याकडे करुणेने बघितलं आणि भाकऱ्या बायकोच्या हातात दिल्या.

नवे कंडेन्सर लॅमिंग्टन रोडला मिळतात. तिथे काउंटरमागचा माणूस मॉडेल ऐकून न ऐकल्यासारखं करतो आणि "शंभराचं पाकीट घ्यावं लागेल" म्हणतो. आयसी उडालेला असेल तर "पार्ट बंद झाला" एवढंच म्हणतो; पण ते तो ज्या सुरात म्हणतो, त्या सुरात आमच्याकडे दहाव्याला बोलतात. जुन्या सेलमधून फुटलेला हिरवा-पांढरा क्षार स्प्रिंगांवरून घालवायला मी कोकमाचं आगळ वापरतो. अल्कधर्मी क्षाराला आंबट काहीतरी लागतंच, आणि घरात आगळ असताना केमिकलवर पैसे का घालवा? हा युक्तिवाद सोलकढीच्या दिवशी टिकला नाही. पावसाळ्यात तर काम बंदच. दमट हवेत पडद्यावरची पोलरायझरची फिल्म सुटते, पुटकुळ्या येतात आणि तिला चक्क व्हिनेगरचा वास मारतो. एकाच टीव्हीत सुकटही आणि व्हिनेगरही.

वॉचमनचं दुखणं निराळं. दोन इंची असली तरी ती पिक्चर ट्यूबच; तिला हजारांत व्होल्ट लागतात आणि चार पेन्सिल सेलमधून ते पैदा करणारा ट्रान्सफॉर्मर बोटाच्या पेराएवढा. हा ट्रान्सफॉर्मर कुठे आहे ते नकाशात शोधावं लागत नाही, हात लागला की कळतं. "कधी होणार हा टीव्ही?" असं घरातून विचारलं गेलं की मी फक्त खिडकीबाहेर बोट दाखवतो. पळस्पे ते इंदापूर हा मुंबई-गोवा महामार्गाचा ८४ किलोमीटरचा टप्पा २०११ पासून चौपदरी होतो आहे. त्याच्या शेजारी बसून काम करणाऱ्यावर दिरंगाईचा आरोप सिद्ध होणं कठीण.

टीव्ही झाल्यावर मुंग्यांवर किती दिवस भागवायचं, म्हणून मी घरातच प्रक्षेपण सुरू केलं. केबल डिजिटल झाली तेव्हा केबलवाल्यांचे जुने मॉड्युलेटर किलोच्या भावात निघाले. त्यातला एक उचलून आणला. सेट-टॉप बॉक्सची वायर त्यात, त्यातून निघालेली वायर टीव्हीच्या अँटेनाला गुंडाळलेली. हवेत सोडलं तर सरकारी परवाना लागतो, म्हणून आमच्या केंद्राची व्याप्ती डायनिंग टेबलपुरतीच. तिथे मी रात्री नऊच्या बातम्या बघतो. आजच्या वृत्तवाहिन्यांचं खरं माप दोन इंच आहे, असं माझं ठाम मत झालं आहे. पडद्यावर आठ चौकटी, आठ चौकटींत आठ वक्ते, प्रत्येकाच्या वाट्याला तिळाएवढं तोंड, खाली धावणारी पट्टी मुळीच वाचता येत नाही. कोण कुणावर ओरडतंय हे कळत नसल्याने निःपक्षपातीपणा आपोआप साधतो. शिवाय आवाजाची चकती अंगठ्याखालीच.

"हे सगळं मोबाइलवर दिसतं," असं मला येणारा प्रत्येक पाहुणा सांगतो. दिसतं ना. स्वच्छ दिसतं, रंगीत दिसतं, थांबवून पुन्हा दिसतं. मोबाइलचा हाच तर दोष आहे. त्यात कुणाला डावा पाय उचलावा लागत नाही. भाचा आला होता, त्याने वॉचमनच्या काचेवर बोट ठेवून बातम्या सरकवायचा प्रयत्न केला, मग दोन बोटांनी मोठ्या करायचा. काही होत नाही म्हटल्यावर "काका, हँग झालाय" असा निर्णय दिला आणि मला बंद करून चालू करायला सांगितलं. लॅमिंग्टन रोडवाल्यापेक्षा हा सल्ला बरा होता.

सध्या घरात तंटा आहे तो सेलचा. चार पेन्सिल सेलमध्ये वॉचमन एक हिंदी सिनेमा शेवटपर्यंत दाखवीलच याची खात्री नाही. त्यामुळे भिंतीवरचं घड्याळ पावणेचारवर थांबलं आहे, बॅटरी उजेड देत नाही आणि वजनकाटा सगळ्यांचं वजन शून्य सांगतो. शेवटची गोष्ट बायकोने बरेच दिवस चालवून घेतली. काल दाराची बेल वाजेनाशी झाली आणि गॅसवाला भरलेला सिलिंडर घेऊन खालूनच परत गेला, तेव्हा तिने सेलचा डबा कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली. मी दुबईच्या मामांना फोन करून गाऱ्हाणं सांगितलं. मामा म्हणाले, "मग आमच्या मामीने काय केलं होतं असं तुला वाटतं? वॉचमनचा अडॅप्टर कुठे गेला ते मला अजून माहीत नाही."